उच्चार एकाचा, अडचण दोघांची

अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकवणाऱ्या परदेशी टीएंना इंग्रजीच्या सरावासाठी तिथल्याच पदवीच्या मुलांची जोडी दिली जाते. कल्पना साधी आहे. पण ती कधी उपयोगी पडते आणि कधी नुसताच वेळ जातो, हे तिकडे जायची तयारी करणाऱ्यांनी आणि इथेच राहणाऱ्यांनीही समजून घ्यावं असं आहे.

समजा, ऑगस्टचा शेवटचा आठवडा आहे. पुण्याहून किंवा नागपूरहून अमेरिकेत येऊन तुम्हाला जेमतेम पंधरा दिवस झालेत. पीएचडीला ॲडमिशन मिळालीय आणि सोबत टीचिंग असिस्टंटचं, म्हणजे टीएचं काम. सकाळी नऊला तुमच्यासमोर अठरा-एकोणीस वर्षांची पंचवीस मुलं बसली आहेत. फळ्यावर गणित आहे आणि विषय म्हणजे तुमच्या हातचा मळ. तुम्ही सहज म्हणता, ‘टू इन्टू थ्री’. वर्ग गोंधळतो. आपल्याकडे ‘इन्टू’ म्हणजे गुणिले, तर तिकडच्या शाळेत ‘टू इन्टू सिक्स’ म्हणजे सहाला दोनने भागणं. पुढे तुम्ही ‘पॅरामीटर’ म्हणता. मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘सॉरी?’ तुम्ही तोच शब्द, तसाच, फक्त मोठ्याने म्हणता. पुन्हा ‘सॉरी?’ शेवटी शब्द फळ्यावर लिहिता आणि चार जण एकदम म्हणतात, ‘ओह, परॅमिटर!’

कोणी हसलेलं नसतं, कोणी उद्धटपणाही केलेला नसतो. तरी रूमवर परतताना पोटात गोळा येतो. शाळेपासून इंग्रजीत शिकलो, टोफेलला चांगला स्कोअर आणला, मग हे काय झालं?

अशा वेळी अनेक अमेरिकन विद्यापीठांत एक सोय असते. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिकणारा एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी तुमच्या जोडीला दिली जाते. आठवड्यातून साधारण तासभर भेटायचं आणि इंग्रजीत बोलायचं. कुठे त्या मुलाला तासाचे पैसे मिळतात, कुठे क्रेडिट, तर कुठे तो हौसेने येतो. नावं वेगवेगळी, पण कल्पना एकच: ज्यांना शिकवायचंय त्यांच्यातल्याच एकाबरोबर बोलून बघा.

पोटापाण्याचा प्रश्न

टीएचं काम किती महत्त्वाचं असतं, हे आधी बघू. अमेरिकेतल्या मोठ्या सरकारी विद्यापीठांत पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं लेक्चर शेकडो मुलांसमोर होतं. प्राध्यापक लेक्चर घेऊन जातात. नंतर त्याच मुलांचे छोटे गट पडतात आणि ते टीएच्या हाती येतात. गणितं सोडवून दाखवणं, लॅब घेणं, पेपर तपासणं, ऑफिस अवर्समध्ये शंका सोडवणं हे सगळं टीए करतो. गणित, इंजिनीअरिंग, कॉम्प्युटर, केमिस्ट्री अशा विषयांत या टीएंमध्ये भारतीय, चिनी, कोरियन, इराणी विद्यार्थी खूप असतात.

या कामाच्या बदल्यात बहुतेक ठिकाणी फी माफ होते आणि महिन्याला स्टायपेंड मिळतो. स्टुडंट व्हिसावर असलेल्यांना सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं आणि टीएचं काम याच मर्यादेत बसतं. घरून पैसे न घेता पीएचडी करणाऱ्यांची सगळी मदार यावरच असते. एमएसवाल्यांना टीएशिप मिळणं अवघड, पण मिळाली तर डोक्यावरचं कर्ज बरंच हलकं होतं.

म्हणून बोलण्याची परीक्षा महत्त्वाची ठरते. टोफेलमध्ये तुम्ही माइकसमोर बोलता आणि माइक ‘सॉरी?’ म्हणत नाही. त्यामुळे अनेक विद्यापीठं टीएंची वेगळी तोंडी परीक्षा घेतात. पर्ड्यूची, आयोवा स्टेटची आणि यूसीएलएची अशी स्वतःची परीक्षा आहे. यूसीएलएच्या परीक्षेत उमेदवाराला आपल्या विषयाचा छोटा भाग शिकवून दाखवावा लागतो आणि समोर परीक्षकांबरोबर पदवीचे विद्यार्थीही प्रश्न विचारायला बसलेले असतात. पुरेसे गुण मिळाले नाहीत तर वर्गावर पाठवत नाहीत. फक्त पेपर तपासायला देतात, भाषेचा कोर्स करायला लावतात, पुन्हा परीक्षेला बसवतात. जिथे फीमाफी वर्गावर शिकवण्याशी जोडलेली असते, तिथे हे प्रकरण थेट खिशापर्यंत येतं.

तक्रार जुनीच

‘टीएचं इंग्रजी कळत नाही’ ही तक्रार तिकडे चाळीसहून जास्त वर्षं जुनी आहे. १९८० च्या दशकात परदेशी टीएंची संख्या वाढली आणि पालकांची, विद्यार्थ्यांची पत्रं आमदारांपर्यंत पोहोचू लागली. मग एकेका राज्याने कायदे केले. पेनसिल्व्हेनियाने १९९० मध्ये उच्च शिक्षणातल्या इंग्रजी प्रभुत्वाचा कायदा केला. त्यानुसार शिकवणाऱ्यांचं इंग्रजी पुरेसं चांगलं आहे, याची खात्री संस्थांना द्यावी लागते.

नॉर्थ डकोटात २००५ साली तर याहून कडक विधेयक आलं. शिकवणाऱ्याचं इंग्रजी स्पष्ट नाही अशी लेखी तक्रार केली, तर विद्यार्थ्याला कोर्स सोडून फी परत मिळावी, आणि वर्गातल्या १० टक्के मुलांनी तक्रार केली तर त्या व्यक्तीला शिकवण्याच्या कामावरून हटवावं, असं मूळ मसुद्यात होतं. पुढे ते बरंच सौम्य करण्यात आलं. पण त्यामागचा विचार लक्षात घ्या: बोलणं समजलं नाही, तर दोष बोलणाऱ्याचा. पंचवीस मुलांच्या वर्गात १० टक्के म्हणजे अडीच मुलं. म्हणजे तिघांना कळलं नाही की संपलं.

विद्यार्थ्यांची बाजूही खोटी नाही. एका कोर्सची फी हजारो डॉलर. कॅल्क्युलसमध्ये गचका खाल्ला तर इंजिनीअरिंगची वाट बंद होऊ शकते. समोरचा काय बोलतोय ते कळत नसेल, तर चिडचिड होणारच. प्रश्न एवढाच आहे की न कळण्याचं कारण नेमकं कुठे असतं.

तासाभरात काय काय होतं?

जोडीचं काम नीट चाललं, तर त्या तासाभरात बऱ्याच उपयोगी गोष्टी होतात. पहिली म्हणजे आघाताची.

मराठी बोलताना आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखंच वजन देतो. आपलं इंग्रजीही त्याच चालीवर चालतं. अमेरिकन इंग्रजीत मात्र शब्दातल्या एका अक्षरावर जोर येतो आणि बाकीची अक्षरं चेपली जातात. ऐकणारा त्या जोरावरूनच शब्द ओळखतो. आपण ‘कॉम्पोनंट’ म्हणताना ‘कॉम्’वर जोर देतो, ते ‘पो’वर देतात. आपण ‘डेव्हलप’ म्हणतो, ते ‘डिव्हेलप’. आपण ‘डिटरमाइन’, ते ‘डिटर्मिन’. आपला ‘ट’ जरा कडक आला किंवा ‘व’ आणि ‘व्ह’ची सरमिसळ झाली, तर बहुतेक वेळा निभावून जातं. जोर चुकीच्या जागी पडला की अख्खा शब्दच हरवतो.

वाक्यातही असंच होतं. लॉरा हान यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका कोरियन टीएचं एकच लेक्चर तीन प्रकारे ऐकवलं होतं. एकात वाक्यातला जोर योग्य शब्दावर, दुसऱ्यात चुकीच्या शब्दावर, तिसऱ्यात कुठेच नाही. योग्य जोर ऐकलेल्या विद्यार्थ्यांना मजकूर जास्त आठवला आणि शिकवणाराही त्यांना जास्त आवडला. माणूस तोच आणि विषयही तोच होता. म्हणजे सगळा उच्चार बदलायची गरज नाही. विषयातल्या नेहमीच्या तीस-चाळीस शब्दांवर आणि वाक्यातल्या जोरावर मेहनत घेतली तरी बराच फरक पडतो. मित्राबरोबर फोनवर रेकॉर्ड करून, ऐकून, पुन्हा बोलून हे जमतं.

दुसरी गोष्ट शब्दांच्या अर्थाची. ‘आय हॅव अ डाउट’ म्हणजे आपल्यासाठी साधी शंका. तिकडे ते ऐकून वाटतं, याला माझ्या बोलण्यावर विश्वास नाही. ‘आय पास्ड आउट इन २०२३’ म्हटलं तर समोरचा विचारेल, चक्कर आली होती का? खोडायला ‘रबर’ मागू नये, ‘इरेझर’ म्हणावं, हे वर्गात कळण्यापेक्षा जोडीदाराबरोबर चहा-कॉफी पिताना कळलेलं बरं.

तिसरी गोष्ट उलट्या बाजूची आहे आणि ती आपल्या लक्षातही येत नाही. टीएलाही विद्यार्थ्यांचं बोलणं कळत नसतं. अठरा वर्षांचा मुलगा अर्धे शब्द गिळून भराभर बोलतो. ‘आय एम गुड’ म्हणजे कधी कधी ‘नको’ असतं. ‘आय एम लॉस्ट’ म्हणजे तो वाट चुकलेला नसतो, तिसऱ्या पायरीपासून त्याला काही कळलेलं नसतं. प्रश्न समजलाच नाही तर उत्तर भलतंच जातं, आणि मुलांना वाटतं याला विषय येत नाही.

चौथी गोष्ट वर्गाच्या रीतीची. मुलं वर्गात खातात, टोपी घालून बसतात, तुम्हाला नावाने हाक मारतात. त्यात अपमान नसतो. आपल्याकडे गुणांची यादी नोटीस बोर्डावर नावासकट लागते. तिकडे १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याचे गुण खासगी मानले जातात, ते वर्गात वाचून दाखवले तर प्रकरण अंगाशी येईल. असल्या गोष्टी कुठल्याही भाषेच्या पुस्तकात नसतात. बावीस वर्षांच्या मराठी मुलाला त्या वीस वर्षांची अमेरिकन मुलगी दहा मिनिटांत सांगते.

आता कानांचं बघू

इथपर्यंत सगळं ठीक वाटतं: टीएने सराव करावा, सुधारावं. पण या गोष्टीची दुसरी बाजू तिकडच्याच संशोधकांनी दाखवली आहे.

जॉर्जिया विद्यापीठातले डॉनल्ड रुबिन यांचा १९९२ मधला प्रयोग यातला सर्वांत गाजलेला. पदवीच्या ६२ विद्यार्थ्यांना एक छोटं लेक्चर ऐकवलं. आवाज ओहायोत वाढलेल्या, इंग्रजी मातृभाषा असलेल्या व्यक्तीचा होता. ऐकताना समोर शिकवणाऱ्या बाईचा फोटो दाखवला. काहींना गोऱ्या बाईचा, काहींना आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. आशियाई चेहरा बघणाऱ्यांना त्याच आवाजात परदेशी उच्चार ऐकू आला. एवढंच नाही, त्यांना लेक्चर कमी समजलं. आवाजात परदेशी असं काहीच नव्हतं, तरीही डोळ्यांनी जे पाहिलं तेच कानांनी ऐकलं.

स्टेफनी लिंडमन यांनी २००२ मध्ये अमेरिकन आणि कोरियन विद्यार्थ्यांच्या जोड्या लावून नकाशावरून वाट सांगण्याचं काम दिलं. ज्यांच्या मनात कोरियन लोकांबद्दल आधीच आकस होता, त्यांच्यातले काही जण समजून घ्यायचा प्रयत्नच करत नव्हते. प्रश्न विचारायचे नाहीत, न कळलेलं तसंच सोडून द्यायचं. काम नीट पार पडलं तरी त्यांच्या मते संवाद फसलेलाच होता.

कॅनडातले मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. बोलण्यात परदेशी उच्चार ठळक असणं आणि बोलणं न कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘याचा उच्चार फारच परका आहे’ असं म्हणणाऱ्याने त्याच माणसाचं वाक्य शब्द न् शब्द बरोबर लिहून घेतल्याची उदाहरणं त्यांना सापडली.

आणि कान तर लवकर सरावतात. क्लार्क आणि गॅरेट यांच्या २००४ च्या प्रयोगात परका उच्चार ऐकताना सुरुवातीला लागणारा जास्तीचा वेळ मिनिटभराच्या आतच कमी होऊ लागला. म्हणजे सेमिस्टर जाऊ द्या, पहिली दहा मिनिटं मन लावून ऐकलं तरी अर्धं काम होतं. अट एकच, ऐकायची तयारी हवी.

म्हणूनच लेखाचं शीर्षक तसं आहे. उच्चार एकाचा असतो, पण समजणं हे दोघांचं काम आहे. सराव एकानेच करायचा आणि दुसऱ्याने गुण द्यायचे, एवढ्यावर भागत नाही.

मास्तर की जोडीदार?

मग जोडी लावल्याने ही दुसरी बाजू सुधारते का? याचं उत्तर ‘जोडी कशी लावली त्यावर’ असं आहे.

रुबिन यांनी त्याच १९९२ च्या अभ्यासात आणखी एक छोटा प्रयोग केला होता. पदवीच्या काही विद्यार्थ्यांना परदेशी टीएंचे ‘कोच’ केलं. टीएचं शिकवणं बघायचं आणि सुधारणा सुचवायच्या. वाटलं होतं की जवळून ओळख झाल्यावर मुलांचं मत बदलेल. तसा काहीच फरक दिसला नाही. प्रयोग लहान होता, त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही. पण एक विचार मनात येतोच: कोचचं काम काय? चुका शोधणं. तासभर चुका शोधायला बसवलं की चुकाच दिसणार.

पुढे ओकिम कांग, रुबिन आणि लिंडमन यांनी २०१५ मध्ये वेगळा प्रयोग प्रसिद्ध केला. या वेळी विद्यार्थी आणि टीए यांना एकत्र बसवून मिळून कोडं सोडवायला दिलं. कोणी कोणाला शिकवत नव्हतं. कोडं सुटायला हवं असेल, तर एकमेकांचं ऐकावंच लागत होतं. तेवढ्या छोट्या भेटीनंतर या विद्यार्थ्यांनी परदेशी टीएंच्या बोलण्याला आणि शिकवण्याला जास्त चांगले गुण दिले.

समाजमानसशास्त्रात हे नवीन नाही. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच लिहून ठेवलंय की दोन गट नुसते शेजारी बसवल्याने पूर्वग्रह जात नाहीत. दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज हवी आणि संस्थेचा पाठिंबा हवा. ‘तू चुकतोस, मी सुधारतो’ या बैठकीत दर्जाची बरोबरी नसते. ‘हे दोघांनी मिळून करू’ या बैठकीत ती येते.

मग टीए आणि जोडीदार यांनी मिळून काय करावं? टीएने पुढच्या आठवड्याचं गणित जोडीदाराला शिकवावं आणि त्याने ते खरंच सोडवावं. जिथे अडलं तिथे दोघांनी शोधावं की अडचण उच्चाराची, शब्दाची की गणिताची. पुष्कळदा ती गणिताचीच निघते! जोडीदाराने त्याच्या गावची, त्याच्या पार्ट टाइम कामाची गोष्ट सांगावी आणि टीएने न समजलेलं थांबवून विचारावं. म्हणजे ‘सॉरी?’ दोन्हीकडून येतं. एकट्यालाच ते ऐकावं लागत नाही.

काही खुपणाऱ्या गोष्टी

या योजनांचं कौतुक करताना तीन गोष्टी विसरून चालणार नाहीत.

पहिली, वेळ कोणाचा जातो? स्वतःचे कोर्स, संशोधन, वीस तासांचं काम, त्यावर परदेशी टीएने हा जास्तीचा तास काढायचा. अमेरिकन टीएला तो काढावा लागत नाही, मग त्याचं शिकवणं कितीही कंटाळवाणं असो. हा तास कामाच्या तासांत धरला गेला पाहिजे, अशी मागणी केली तर ती चुकीची नाही.

दुसरी, एका जोडीने एकाच मुलाचा कान तयार होतो. वर्गातली उरलेली चोवीस मुलं जिथे होती तिथेच. निकोलस सब्टिरेलू यांनी २०१५ मध्ये ‘रेट माय प्रोफेसर्स’ या साइटवरचे गणिताच्या शिक्षकांचे शेरे तपासले. चिनी किंवा कोरियन आडनावाच्या शिक्षकांना स्पष्टतेबद्दल कमी गुण मिळालेले दिसले. कौतुक करणारेही ‘उच्चार वेगळा आहे, पण...’ अशी सुरुवात करत होते. हा ‘पण’ घालवायचा तर पहिल्या वर्षाच्या ओरिएंटेशनमध्येच मुलांना ऐकायला शिकवावं लागेल.

तिसरी, तंत्रज्ञानाची पळवाट. कॉल सेंटरमध्ये आता बोलताबोलता उच्चार बदलून देणारं एआय आलंय. टेलिपरफॉर्मन्स ही मोठी कंपनी भारतीय कर्मचाऱ्यांसाठी सानास नावाच्या कंपनीचं असं तंत्र वापरतेय, ही बातमी २०२५ च्या सुरुवातीला आली होती. उद्या ऑनलाइन लेक्चरला ते लावता येईलही. पण फळ्यासमोर उभं राहून चेहरे वाचत शिकवणं फिल्टरने होत नाही. आणि फिल्टर लावला की समोरच्याला कान तयार करायचं कारणच उरत नाही.

हे आत्ताच का बोलायचं?

‘ओपन डोअर्स’ अहवालानुसार २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते. चीनला मागे टाकून भारत पहिला आला. त्यातले सुमारे १ लाख ९७ हजार पदव्युत्तर आणि पीएचडीचे. त्यानंतर वारं फिरलं. १ मार्च २०२५ ला अध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा झाली. मे महिन्यात विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबल्या आणि सुरू झाल्या तेव्हा सोशल मीडिया तपासणीची अट सोबत आली. संशोधनाचे निधी कापले गेल्याने अनेक विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या.

अधिकृत भाषेच्या आदेशाचा टीएच्या परीक्षेशी थेट संबंध नाही. पण हवा बदलते ती अशाच गोष्टींनी. जागा कमी, अर्ज जास्त आणि वर ‘इंग्रजी नीट बोला’ हा सूर. अशा वेळी ज्याचं बोलणं वर्गाला कळतं, तो विभागाला हवासा वाटणार. आणि खर्च कमी करायची वेळ आली की विद्यापीठं अशा छोट्या योजनांनाच आधी हात लावतात, हेही आपण आपल्याकडे पाहिलेलं आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर, निघण्याआधी तुमच्या विभागाची टीएसाठीची भाषेची अट काय आहे ते मेल करून विचारा. नियम विद्यापीठागणिक वेगळे असतात. इंग्लिश मीडियमचा दाखला कुठे चालतो, कुठे चालत नाही. तुमच्या विषयातले चाळीस शब्द काढा आणि अमेरिकन डिक्शनरीत त्यातला जोर कुठे आहे ते ऐका. इथल्याच ज्युनिअरला एखादा धडा इंग्रजीत शिकवून बघा आणि त्याला मधेच अडवायला सांगा. तिकडे जोडी मिळाली तर पहिल्याच भेटीत सांगा, फक्त चुका काढू नकोस, मिळून काहीतरी करू. आणि वर्गात पहिल्या दिवशी हसत सांगून टाका, माझा उच्चार तुम्हाला नवा आहे, तुमचा मला नवा आहे. कळलं नाही की थांबवा, मीही थांबवणार आहे. यात कमीपणा काही नाही.

आणि आपले कान?

आता जरा आपल्या वर्गात येऊ. दक्षिणेतल्या एखाद्या सरांच्या इंग्रजीची नक्कल कँटीनमध्ये कोण करतं? मराठी माध्यमातून अकरावीला आलेल्या, ‘सायन्स’चं ‘सायंस’ म्हणणाऱ्या मुलीने प्रेझेंटेशन सुरू केलं की मागच्या बाकावर कोण एकमेकांकडे बघतं? परभणीहून आलेल्या मुलाची मराठीसुद्धा पुण्यातल्या वर्गात ‘गावाकडची’ ठरते. तो बरोबर बोलत असतो, विषयही त्याला येत असतो. आपले कान मात्र आधीच ठरवून बसलेले असतात. तो मुलगा दोन महिन्यांत प्रश्न विचारणं बंद करतो आणि आपण म्हणतो, तो जरा बुजराच आहे.

अमेरिकेतल्या त्या वर्गात आपण टीएच्या जागी असतो म्हणून अन्याय पटकन दिसतो. इथे आपण त्या पंचवीस मुलांच्या जागी आहोत. प्रॅक्टिकलला जोड्या लागतात तेव्हा आपण आपल्यासारख्या बोलणाऱ्यालाच पार्टनर घेतो. यंदा एकदा दुसऱ्या कोणाला घेऊन बघा. त्याला इंग्रजी शिकवायला म्हणून नको, एक्सपेरिमेंट नीट व्हायला म्हणून घ्या. पहिली दहा मिनिटं कान जरा अडखळतील. मग त्याचं बोलणं समजायला लागेल. तुमचं त्याला कळत होतंच, कारण ऐकायची सवय त्याला आधीपासून करून घ्यावी लागलेली असते.